हेल्पडेस्कवर रुजू होताना

प्रिय तरुण सहकाऱ्यास,

सप्रेम नमस्कार. कंपनीच्या आयटी हेल्पडेस्कवर तुझी नेमणूक झाल्याचे कळले आणि मनापासून आनंद झाला. थोडे दिवस इथे काढायचे आणि मग नेटवर्क किंवा क्लाउडच्या विभागात सरकायचे, असा सल्ला तुला बरेच जण देतील. पुढे जरूर जा. पण त्या दिवसाची वाट पाहत ही खुर्ची अडवून बसू नकोस. कंपनीची संगणकव्यवस्था कागदावर कशी आखली आहे हे वरच्या विभागांना ठाऊक असते. ती प्रत्यक्षात कुठे अडते हे सर्वांत आधी हेल्पडेस्कला कळते.

प्रत्येक तिकिटामागे, म्हणजे हेल्पडेस्ककडे नोंदवलेल्या तक्रारीमागे, कोणाचे तरी काम अडलेले असते, आणि ते काम कोणते हे समजल्याशिवाय तू यंत्राला हात लावू नयेस, असे मला वाटते. ‘प्रिंटर चालत नाही’ एवढीच तक्रार आली, तर प्रिंटरची तपासणी सुरू करण्याआधी काय छापायचे आहे आणि ते कधीपर्यंत हवे आहे, हे विचार. लेखा विभागातील कर्मचाऱ्याला अर्ध्या तासात सही केलेले कागद पाठवायचे असतील, तर त्याला आधी पलीकडच्या मजल्यावरचा प्रिंटर जोडून दे. बिघाड शोधायला नंतर सवड मिळेल. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारच्या एका संस्थेने सुरू केलेल्या ‘आयटिल’ या कार्यपद्धतीत हाच भेद केला आहे. खंडित झालेली सेवा शक्य तितक्या लवकर पूर्ववत करणे म्हणजे ‘इन्सिडेंट’ हाताळणे, आणि तोच खंड वारंवार का पडतो याच्या मुळाशी जाणे म्हणजे ‘प्रॉब्लेम’ हाताळणे. दोन्ही कामे आवश्यकच आहेत, मात्र फोनवर माणूस ताटकळत असताना दुसरे काम हाती घेऊ नये.

प्रश्न विचारण्याची पद्धत तुला सरावाने जमेल. हे आधी चालत होते का, कधीपासून बंद आहे, शेजारच्या सहकाऱ्यांनाही हीच अडचण आहे का, पडद्यावर नेमके कोणते शब्द दिसत आहेत, एवढ्या चार प्रश्नांत बहुतेक तक्रारींची दिशा स्पष्ट होते. ‘तुम्ही नेमके काय केलेत?’ असे मात्र कधीही विचारू नकोस. त्या प्रश्नात आरोप ऐकू येतो आणि समोरचा माणूस माहिती द्यायची सोडून स्वतःचा बचाव करू लागतो.

एक तक्रार तुला वरचेवर भेटेल, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो. एखाद्या कर्मचाऱ्याचे खाते लॉक होते, तू ते उघडतोस, आणि थोड्या वेळाने त्याच माणसाचा पुन्हा फोन येतो. खाते उघडायला मिनिटभरही लागत नाही, त्यामुळे दिवसभर तेवढेच करत राहण्याचा मोह होतो. अशा वेळी त्याला विचार, की पासवर्ड अलीकडे बदलला आहे का? बहुधा उत्तर होकारार्थी येईल. मग मोबाइलमधील मेल, जुना पासवर्ड साठवून जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह, वाय-फायची प्रोफाइल किंवा दुसऱ्या संगणकावर उघडे राहिलेले रिमोट सत्र, यांपैकी काहीतरी जुन्याच पासवर्डने पुन्हा पुन्हा दार ठोठावत असते. विंडोजच्या डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे कंपनीतील सर्वांची खाती आणि पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरवर, खाते लॉक झाल्याची नोंद ४७४० या क्रमांकाने होते आणि हा प्रयत्न कोणत्या संगणकावरून झाला त्याचे नाव तिथे बहुधा सापडते. ती नोंद पाहण्याची परवानगी तुला नसेल, तर ज्याला आहे त्याच्याकडून ती मागवून घे. त्या कर्मचाऱ्याचा पूर्ण दिवस वाया जाण्यापेक्षा तुझी दहा मिनिटे गेलेली परवडतील.

लोकांच्या सांगण्यावर विश्वास ठेव. ‘मी रोज संगणक बंद करतो’ असे कोणी म्हणाले आणि टास्क मॅनेजरमध्ये संगणक कित्येक दिवस सलग चालू असल्याचे दिसले, तर तो माणूस खोटे बोलतो आहे असा निष्कर्ष काढू नकोस. विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आहे. ती सुरू असताना ‘शट डाउन’ केले, तरी प्रणालीचा गाभा डिस्कवर जतन होतो आणि पुढच्या वेळी तोच पुन्हा उचलला जातो. खरी नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’नेच होते. हे कारण त्याला दोन वाक्यांत समजावून सांग. ‘रीस्टार्ट करून पाहा’ ही सूचना लोकांना टाळाटाळ वाटते, कारण आपण तिच्यामागचे कारण कधी सांगतच नाही.

तिकिटांचा प्राधान्यक्रम ठरवताना किती लोकांवर परिणाम होतो आणि काम किती तातडीचे आहे, या दोनच गोष्टी पाहाव्यात. पदाचा दबाव येईल. तेव्हा नियम दाखव आणि वाद तुझ्या प्रमुखाकडे सोपव. तिकीट सोडवण्याच्या ठरलेल्या मुदतीचे घड्याळ थांबावे म्हणून तिकीट ‘वापरकर्त्याच्या उत्तराच्या प्रतीक्षेत’ टाकण्याची सवय काही ठिकाणी दिसते. तू ती लावून घेऊ नकोस. त्या युक्तीने अहवाल सुधारतो, पण माणूस जिथे अडला होता तिथेच राहतो.

नोंदींच्या बाबतीत मी फार आग्रही आहे. ‘समस्या सोडवली’ असे लिहून बंद केलेले तिकीट पुढच्या माणसाच्या काहीही उपयोगाचे नसते. लक्षण काय होते, काय तपासले आणि ते ठीक निघाले, काय बदलले, काम सुरू झाल्याची खात्री कोणी आणि कशी केली, हे सर्व लिही. काय तपासून झाले हे न लिहिता तू तिकीट दुसऱ्या स्तराकडे, म्हणजे अवघड तक्रारी पाहणाऱ्या अभियंत्यांकडे, पाठवलेस, तर तिथला अभियंता त्या कर्मचाऱ्याला तेच प्रश्न नव्याने विचारील, आणि एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगावी लागणाऱ्याचा संयम सुटणे स्वाभाविक आहे. एकाच कारणाची तिकिटे वारंवार येऊ लागली, की त्यांचे क्रमांक एकत्र करून मूळ दोषाची स्वतंत्र नोंद करण्याचा आग्रह धर. ते तुझ्या अधिकारात नसले तरी पुरावा तुझ्याजवळच असतो.

आता सुरक्षिततेविषयी. कंपनीत शिरू पाहणारा भामटा अनेकदा हेल्पडेस्कलाच फोन करतो. आपण अमुक अधिकारी आहोत, प्रवासात फोन हरवला आहे, बैठक पाच मिनिटांत सुरू होणार आहे, तेव्हा पासवर्ड बदलून द्या आणि दुहेरी पडताळणी नव्या फोनवर वळवा, असे तो मोठ्या आर्जवाने किंवा दरडावून सांगतो. जन्मतारीख आणि कर्मचारी क्रमांक यांवरून ओळख पटवणे पुरेसे नाही, कारण ही माहिती बाहेर सहज मिळू शकते. कंपनीच्या अभिलेखात आधीपासून नोंदलेल्या क्रमांकावर तू स्वतः फोन कर. तो फोनच हरवल्याचे सांगितले जात असेल, तर त्याच्या वरिष्ठाकडून खातरजमा करून घे. खरा अधिकारी क्षणभर रागावला तरी चालेल. तू स्वतःही कोणाचा पासवर्ड कधी विचारू नकोस. हेल्पडेस्क पासवर्ड मागत नाही हे लोकांच्या अंगवळणी पडले, की भामट्याचे निम्मे काम तिथेच अडते. संशयास्पद दुवा उघडल्याचे कोणी आपणहून कळवले, तर आधी त्याचे आभार मान आणि मग लगेच पुढच्या कामाला लाग. पहिल्या माणसाला तू झापलेस, तर दुसरा कळवणारच नाही.

मोठ्या संकटाची तयारी शांत दिवसांत करावी लागते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. संगणक धड सुरूच होत नसल्यामुळे अनेक ठिकाणी दूरवरून दुरुस्ती शक्य नव्हती. एकेका यंत्रापाशी जाऊन, ते सेफ मोडमध्ये, म्हणजे अत्यावश्यक तेवढ्याच भागांनिशी, उघडून, दोष असलेली फाइल काढावी लागली, आणि ज्या यंत्रांची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती तिथे बहुधा त्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की भरावी लागली. त्या दिवशी हा भार जगभरच्या हेल्पडेस्कनी वाहिला, याची दखल पुरेशी घेतली गेली असे मला वाटत नाही. तुमच्या कंपनीत या रिकव्हरी की कुठे ठेवलेल्या आहेत, आणि मुख्य सर्व्हर बंद पडले तरी त्या हाती लागतील का, हे याच आठवड्यात विचारून घे. मेल बंद असताना कर्मचाऱ्यांना सूचना कशी पोहोचवायची तेही ठरलेले असू दे. दर अर्ध्या तासाने ‘अजून काम चालू आहे, पुढची माहिती अमुक वाजता देऊ’ एवढे कळवत राहिले, तरी फोनची रीघ पुष्कळ कमी होते.

रुजू झाल्यावर पहिले काही दिवस जुनी, बंद झालेली तिकिटे वाचण्यात घालव. पुन्हा उघडावी लागलेली तिकिटे आधी वाच. ती पहिल्यांदा बंद करताना कर्मचाऱ्याला विचारले होते का, एवढे प्रत्येकात तपासून पाहा. त्यात काही उलगडले नाही, तर तिकिटातील नावे आणि खात्यांचा तपशील वगळून मला लिही. मी सवडीने उत्तर देईन.

तुझा शुभचिंतक