विषय उत्तम येत असताना शिक्षकाला संवादकौशल्याची इतकी गरज का असते?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. विषयाचे ज्ञान पक्के असताना वर्गातील संवादाला इतके महत्त्व का द्यावे, आणि मितभाषी माणसाने शिक्षक होण्याचा विचार सोडून द्यावा का? मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे माझे मुख्य उदाहरण त्या विषयातले आहे. मुद्दा मात्र कोणत्याही विषयाच्या तासाला लागू पडेल.

संवादकौशल्य म्हटले की बहुतेकांना ओघवते बोलणारा, अधूनमधून विनोद पेरणारा आणि वर्गाला खिळवून ठेवणारा शिक्षक आठवतो. हे गुण असले तर चांगलेच, परंतु माझ्या मते वर्गातील संवादाचे मुख्य काम निराळे आहे. समोर बसलेल्या मुलांनी आपल्या बोलण्याचा काय अर्थ लावला हे शिक्षकाला समजणे, आणि त्यानुसार त्याने आपले पुढचे बोलणे बदलणे, हे ते काम होय. शिक्षकाचा व्यासंग कितीही मोठा असला तरी ही माहिती त्याला व्यासंगातून मिळत नाही. ती मुलांकडूनच मिळवावी लागते.

दशांश अपूर्णांकांचे उदाहरण घेऊ. ०.३५ आणि ०.७ यांपैकी मोठी संख्या कोणती, असे विचारल्यावर अनेक मुले ०.३५ असे उत्तर देतात, कारण ३५ ही संख्या ७ पेक्षा मोठी आहे आणि पूर्ण संख्यांचा हा नियम ती दशांशचिन्हाच्या उजवीकडेही लावतात. आता याच मुलांना शिक्षकाने ०.३५ आणि ०.१२ ही जोडी दिली असती, तर त्यांनी बरोबर उत्तर दिले असते, त्यांना शाबासकी मिळाली असती आणि त्यांच्या मनातला चुकीचा नियम आणखी घट्ट झाला असता. गंमत अशी की उलट चूक करणारी मुलेही असतात. शतांश हा दशांशापेक्षा लहान असतो हे ऐकून ती ‘चिन्हानंतर अंक जास्त, म्हणजे संख्या लहान’ असा निष्कर्ष काढतात; ही मुले ०.७ असे अचूक उत्तर देतात, पण चुकीच्या कारणाने. म्हणजे उत्तर चूक की बरोबर एवढेच पाहणाऱ्या शिक्षकाची दोन्ही बाजूंनी फसगत होऊ शकते. ‘हे तू कसे ठरवलेस?’ असे विचारून मुलाचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय ही गाठ सापडत नाही, आणि ती सापडली नाही तर त्याच मुलाला पुढे टक्केवारी आणि मोजमाप का जमत नाही, याचे कोडे पुढच्या वर्गातील शिक्षकाला पडते.

या कामासाठी सर्वांत निरुपयोगी प्रश्न म्हणजे ‘समजले का?’ हा होय. त्याला संपूर्ण वर्ग एका सुरात होकार देतो. मुले त्या वेळी खोटे बोलत असतात असे नाही. आपल्याला समजलेले नाही हे कळण्यासाठीसुद्धा विषय काही प्रमाणात समजावा लागतो, आणि ज्यांना ते कळते त्यांना इतरांसमोर तसे सांगण्याचा संकोच वाटतो. म्हणून चूक ही ज्या वर्गात हसण्याची किंवा रागावण्याची बाब असते, त्या वर्गातील शिक्षकाला मुलांच्या मनातले कधीच कळत नाही, मग तो स्वतः कितीही सुरेख बोलत असो.

प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक किती थांबतो, हीसुद्धा संवादातील महत्त्वाची बाब आहे. मेरी बड रो या अमेरिकी विज्ञानशिक्षणतज्ज्ञ विदुषीने वर्गांतील संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास करून १९७० च्या दशकात दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. हा अवकाश तीन सेकंद किंवा त्याहून अधिक केल्यावर मुलांची उत्तरे लांबली, मुले आपणहून अधिक बोलू लागली आणि ‘कच्ची’ समजली जाणारी मुलेही चर्चेत उतरू लागली. मुलाचे उत्तर संपल्यानंतरचा थांबाही त्यांनी तितकाच मोलाचा मानला, कारण त्या क्षणभराच्या शांततेत मूल बहुधा आपल्या उत्तराला कारण जोडते. ऐकायला हे सोपे वाटते, परंतु भरलेल्या वर्गापुढे तीन सेकंद काहीही न बोलता उभे राहणे किती अवघड जाते, याचा अनुभव आपण अवश्य घेऊन पाहावा.

लेखी संवादाबद्दल थोडक्यात सांगतो. रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मुलांना केवळ गुण, काहींना केवळ शेरे आणि काहींना दोन्ही देण्यात आले होते. केवळ शेरे मिळालेल्या मुलांचे काम सुधारले. गुण आणि शेरा असे दोन्ही मिळालेल्यांचे तसे सुधारले नाही. गुण दिसले की शेरा वाचायचा राहतो, असा त्याचा अर्थ मी लावतो. शेरासुद्धा ‘छान’ किंवा ‘सुधारणा हवी’ असा असेल तर तो न लिहिलेलाच बरा.

मात्र संवादाच्या नावाखाली प्रत्येक तासाला गटचर्चा लावण्याची पद्धत मला पटत नाही. एखादी नवी संकल्पना शिक्षकाने सलग दहा मिनिटे, क्रमवार आणि स्पष्ट शब्दांत समजावून सांगणे, हाही उत्तम संवादच असतो. ज्या विषयाची मुलांना काहीच माहिती नाही, त्यावर त्यांना चर्चा करायला लावल्याने फक्त वेळ जातो. शिवाय शिक्षकाचे बोलणे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाते की नाही, ही साधी गोष्ट अनेकदा दुर्लक्षित राहते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सुचवलेल्या मर्यादेनुसार तास चालू असताना वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा, आणि रस्त्यालगतच्या किंवा घुमणाऱ्या खोल्यांत ही मर्यादा पाळली जाणे कठीणच असते.

आता आपल्या मितभाषीपणाविषयी. वरील सर्व गोष्टींत अधिक बोलण्याची गरज कुठेच नाही. उलट थांबण्याची आणि ऐकून घेण्याची सवय आपल्याला आधीपासून असेल, तर ती उपयोगी पडेल. कष्ट घ्यावे लागतील ते आवाजावर आणि सूचनांच्या स्पष्टतेवर: एका वेळी एकच सूचना द्यावी, ती फळ्यावरही लिहावी, आणि एखाद्या मुलाला ती त्याच्या शब्दांत पुन्हा सांगायला लावावी. ऐनवेळी प्रश्न सुचत नाहीत असे वाटत असेल, तर आदल्या दिवशी दोन-तीन प्रश्न लिहून काढावेत आणि प्रत्येकाखाली मुलांकडून येऊ शकणारी चुकीची उत्तरे व ती येण्याची कारणे नोंदवावीत. नेमक्या या टिपणासाठी आपले विषयाचे पक्के ज्ञान उपयोगी पडेल, कारण मूल कोठे घसरेल याचा अंदाज विषय खोलवर येणाऱ्यालाच बांधता येतो.