झाडाची पेशी आंबटाच्या जोरावर चालते

प्राण्यांच्या पेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप (सोडियम बाहेर काढून पोटॅशियम आत घेणारं पटलावरचं प्रथिन) झाडांतही असतो का, आणि नसेल तर रेणू पेशीपटल ओलांडतात कसे, असं तुम्ही विचारलंय. मी नागपुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. वर्गात हे विचारलं की निम्मी मुलं 'असतो' म्हणून मोकळी होतात. फुलझाडांत तो नसतो.

फुकटात जाणारे आधी उरकतो. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड पटलातल्या मेदाच्या दुहेरी थरातून थेट पार होतात. पाणी थोडं तसंच झिरपतं, बाकीचं ॲक्वापोरिन या प्रथिनांच्या बारीक वाटांनी जातं. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

बाकी सगळा कारभार प्रोटॉन पंपाचा. एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून तो प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धन आयन, म्हणजे आंबटपणाच, पेशीबाहेर फेकत राहतो. त्यामुळे आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण होते, बरेचदा उणे १२० मिलिव्होल्टच्याही खाली. आपल्या चेतापेशीत हा आकडा उणे ७० च्या आसपास. या ओढीनेच धन पोटॅशियम त्याच्या चॅनेलमधून, म्हणजे पटलातल्या प्रथिनाच्या वाटेने, आत येतो. नायट्रेट मात्र स्वतःच ऋण, त्याला हीच ओढ उलट ढकलते. म्हणून तो परतणाऱ्या प्रोटॉनचा हात धरून आत शिरतो. साखरही तशीच.

हे मला पुस्तकापेक्षा काटोलकडच्या मामांच्या संत्र्याच्या बागेत जास्त कळलं. नवी पालवी पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मामा म्हणाले, "जमिनीत लोखंड हाय म्हंते, मंग पानं काऊन पिवये पडले?" प्रश्न बरोबर होता. लोह होतं, पण चुनखडीच्या जमिनीत ते विरघळत नाही. मुळं प्रोटॉन सोडून ते सोडवू पाहतात, पटलावरचं एक विकर (एन्झाइम) त्याला इलेक्ट्रॉन देऊन फेरस, म्हणजे आत घेता येईल अशा रूपाचं, करतं आणि मग वाहक प्रथिन आत घेतं. चुनखडीतलं बायकार्बोनेट ते प्रोटॉन तिथल्या तिथे गिळून टाकतं. मोट चालू, पाट कोरडा. दुकानदाराने आळ्यात टाकायला हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, दिली होती. तीही त्या मातीत गंजासारखी होऊन बसली. पुढे ईडीडीएचए या लोहाला धरून ठेवणाऱ्या रसायनात बांधलेलं लोह दिलं, ते अशा जमिनीतही विरघळलेलं राहतं. त्यानंतरची पालवी हिरवी आली.

आणि संत्र्याचा आंबटपणा? तोही पंपाचाच. पेशीच्या आत रिक्तिका नावाची मोठी पिशवी असते, तिच्या पटलावर वेगळा पंप असतो आणि तो प्रोटॉन पिशवीत भरतो. सायट्रिक आम्लही तिथेच साठतं. फोड चावल्यावर जीभ आंबते ती त्या पिशवीतल्या रसाने. तिच्याभोवतीच्या पेशीद्रवाचा सामू (पीएच) मात्र ७ च्या जवळपासच राहतो.