एकाच पक्षाचे दोघे, मते ७३-७३

प्रश्न : १८०० च्या अमेरिकी निवडणुकीत जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे आरोन बर यांना सारखी मते कशी पडली?

उत्तर : घोळ नियमातच होता. १७८७ ची राज्यघटना लिहिताना पक्ष गृहीतच धरले नव्हते. प्रत्येक निर्वाचकाने (अध्यक्ष निवडण्यासाठी राज्यांनी नेमलेला प्रतिनिधी) दोन नावे लिहायची, पण कोणते नाव कोणत्या पदासाठी हे सांगायची सोय नाही. पहिला येईल तो अध्यक्ष, दुसरा उपाध्यक्ष. पुढे अर्थमंत्री हॅमिल्टन यांच्या कर्ज आणि राष्ट्रीय बँकेच्या धोरणांवरून फेडरलिस्ट व रिपब्लिकन असे तट पडले. (हे रिपब्लिकन म्हणजे आजचा पक्ष नव्हे, तो १८५४ चा.) १७९६ मध्येच पंचाईत दिसली : फेडरलिस्ट अ‍ॅडम्स ७१, रिपब्लिकन जेफरसन ६८, म्हणजे विरोधकच उपाध्यक्ष!

१८०० मध्ये रिपब्लिकन निर्वाचकांनी इमानेइतबारे दोन्ही नावे लिहिली. जेफरसन पहिले यावेत म्हणून एकाने तरी बर यांचे नाव गाळायला हवे होते. कोणीच गाळले नाही. हरलेले फेडरलिस्ट मात्र सावध होते : अ‍ॅडम्स ६५, पिंकनी ६४, उरलेले एक जॉन जे यांना.

बरोबरी झाल्याने निवड प्रतिनिधिगृहाकडे (संसदेचे कनिष्ठ सभागृह) गेली. तिथे प्रत्येक राज्याला एक मत, १६ पैकी ९ हवीत. ३५ फेऱ्या जेफरसन ८ वरच अडले, कारण व्हर्माँट आणि मेरीलँडचे सदस्य निम्मे-निम्मे विभागले होते. १७ फेब्रुवारी १८०१ ला, ३६ व्या फेरीत, या दोन राज्यांच्या फेडरलिस्टांनी मतदानातून अंग काढून घेतले आणि जेफरसन १० वर पोहोचले. दोन्ही पदांसाठी वेगळी मते घेणारी बारावी घटनादुरुस्ती १८०४ मध्ये आली.