वाचकांचे प्रश्न : घरात खुणा करणारा कुत्रा

प्रश्न : आमचा दीड वर्षाचा कुत्रा सोफ्याच्या पायावर आणि पडद्याच्या कडेवर थोडी थोडी लघवी करतो, शिवाय घरी कोणी आले की त्यांच्या पायावर चढतो. नसबंदी केल्यास हे थांबेल का?

उत्तर : नसबंदीनंतर अनेक नरांमध्ये खुणा करणे (म्हणजे आपली हद्द दाखवण्यासाठी ठिकठिकाणी थोडी थोडी लघवी करणे) बरेच कमी होते, मात्र शरीरातील संप्रेरक ओसरायला काही आठवडे लागतात आणि अंगवळणी पडलेली सवय त्यानंतरही टिकू शकते. नसबंदीआधी मूत्रमार्गाचा संसर्ग नाही ना, याची पशुवैद्यांकडून खात्री करून घ्यावी. खुणेची जागा एन्झाइमयुक्त (लघवीतील वासाचे घटक मोडणाऱ्या) क्लीनरने पुसावी, कारण साध्या फिनेलने आपल्याला वास येईनासा झाला तरी कुत्र्याला तो येतच राहतो; अमोनिया असलेला क्लीनर तर मुळीच नको, त्याचा वास लघवीशी जुळतो. पायावर चढणे हे पुष्कळदा कामभावनेपेक्षा उत्तेजनेचे किंवा अस्वस्थतेचे लक्षण असते (माद्या आणि लहान पिल्लेही असे करतात), म्हणून दाराची घंटा वाजताच त्याला पट्टा लावून ‘बस’ म्हणावे आणि बसल्याबरोबर खाऊ द्यावा. ओरडल्याने उत्तेजना वाढते, आणि मागाहून दिलेली शिक्षा कशाबद्दल आहे, हे त्याला कळतच नाही.