कॉलेजात गांजा ओढला होता, अमेरिकेत सिक्युरिटी क्लिअरन्सच्या फॉर्ममध्ये ते लपवलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की जन्म न्यू जर्सीचा, डिफेन्स कॉन्ट्रॅक्टरकडून ऑफर आलीये, दोन वर्षांपूर्वीपर्यंत रूममेट्सबरोबर गांजा चालायचा, आता बंद आहे, आणि मित्र म्हणतायत "नो" टिक करून टाक, कोण बघतंय. मित्रांचं ऐकू नका. मी वकील नाही पण क्लिअरन्स (सरकारची गोपनीय माहिती हाताळायची परवानगी) लागणारंच काम करतो त्यामुळे हा फॉर्म मलाही भरावा लागलाय.

एसएफ-८६ म्हणजे क्लिअरन्सचा हाच फॉर्म, त्यात सेक्शन २३ ड्रग्जचा, मागची ७ वर्षं विचारतात. न्यू जर्सीत गांजा दुकानात मिळतो वगैरे इथे चालत नाही, हिशोब फेडरल म्हणजे केंद्र सरकारच्या कायद्याचा, फॉर्मवरच तसं लिहिलंय. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री रूममेटची ॲडरॉलची (एकाग्रतेसाठी डॉक्टर लिहून देतात ती) गोळी घेतली असेल तर तीही याच सेक्शनमध्ये येते, हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही.

आता खरं लिहिलं तर काय होतं? बहुतेकदा तुम्हाला वाटतंय तेवढं काही नाही. क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ठरवायला २०१७ पासून सगळ्या एजन्सींना एकच १३ गाइडलाइन्स लागू आहेत, त्यातली 'एच' ड्रग्जची. शेवटचं कधी, किती वेळा, ती संगत सुटली का, पुढे घेणार नाही असं लिहून सही करायला तयार आहात का, हे बघतात. जुना गांजा विचारात घ्यायचा पण तेवढ्यावरून निकाल लावायचा नाही, असं २०२१ च्या डिसेंबरात नॅशनल इंटेलिजन्स डायरेक्टरच्या ऑफिसने एजन्सींना कळवलंय. चालू व्यसन असेल तर मात्र कायद्यानेच क्लिअरन्स देता येत नाही.

लपवलंत की मामला गाइडलाइन 'ई' मध्ये जातो, म्हणजे तुमच्या शब्दावर भरवसा ठेवता येतो का. गांजा जुना होत जातो, पण खोट्यावर तारीख पडते ती सही केल्याच्या दिवसाची. पकडलं कसं जाणार म्हणाल तर इन्व्हेस्टिगेटर तुमच्या त्याच रूममेटला फोन करतो, आणि तो बिचारा सहज म्हणून जातो, हो, आम्ही सगळेच ओढायचो. गंमत म्हणजे त्या सेक्शनमधलं खरं उत्तर तुमच्याविरुद्ध फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही असं फॉर्मच सांगतो, आणि मुद्दाम खोटं लिहिणं हा मात्र ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते असा फेडरल गुन्हा. म्हणजे भीती उलट्या बाजूची बाळगताय तुम्ही.

आईबाबांना कळेल का ही तुमची खरी धास्ती दिसतेय (आपल्या घरांत नोकरी गेलेली चालेल पण हे नको). तुम्ही फॉर्ममध्ये काय लिहिलंय ते इन्व्हेस्टिगेटर घरच्यांना सांगत बसत नाही.

दारूचं वेगळं आहे, पिता का यापेक्षा पिण्यामुळे डीयूआय (पिऊन गाडी चालवल्याची केस), नोकरीत लफडं, डॉक्टरांचं निदान असं काही झालं का ते बघतात.

आणि चुकून "नो" करून फॉर्म पाठवलाच असेल तर इंटरव्ह्यूत त्यांनी काढायच्या आधी स्वतःहून दुरुस्त करा, त्याचा फायदा गाइडलाइन्समध्येच दिलाय, त्यांनी समोर पुरावा ठेवल्यावर कबूल केलं तर तो मिळत नाही. सही केल्यापासून पुढे गांज्याची गमीसुद्धा (चघळायची गोळी) नको, मित्राच्या बॅचलर पार्टीतही नाही.