बाळाला काय लावायचं, विचारलंत म्हणून

सात महिन्यांची मुलगी, गालांवर आणि कोपराच्या लवणीत लाल खरखरीत चट्टे. सासूबाई म्हणतात डाळीचं पीठ-साय-हळद लावा, कॅनडातल्या बहिणीने 'शंभर टक्के नैसर्गिक' क्रीम पाठवलंय, आणि तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली 'ही २१ घातक रसायनं टाळा' यादी घेऊन दुकानात तासभर उभ्या. तुमचा प्रश्न वाचून मला माझीच आठवण झाली, म्हणून जरा ऐसपैस लिहिते. मी डॉक्टर नाही. ठाण्याजवळच्या एका सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात चौदा वर्षं गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत होते, आणि दोन मुलं वाढवली. एवढ्यावरच बोलतेय.

ती यादी आधी मोबाइलमधून काढून टाका. त्यात शाम्पू, क्रीम, पावडर सगळं एकाच तागडीत तोललेलं असतं. साबण अर्ध्या मिनिटात धुतला जातो, क्रीम दिवसभर अंगावर राहतं, आणि लंगोटाखाली लावलेलं क्रीम प्लास्टिकखाली कोंडलं जाऊन कित्येक पटींनी आत मुरतं. एकच घटक तीन ठिकाणी तीन वेगळ्या गोष्टी करतो. त्यातून वजनाच्या मानाने बाळाच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट. म्हणून काय लावलं याच्या जोडीला कुठे लावलं, किती वेळ राहिलं आणि खालची त्वचा धड होती की चिरलेली, हे विचारावं लागतं. यादीत ते कधीच नसतं.

आता पॅराबेन, म्हणजे क्रीम-शाम्पूत जंतू वाढू नयेत म्हणून घालायचं द्रव्य. तुमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर तेच असणार! २००४ मध्ये ब्रिटनमध्ये एक छोटा अभ्यास झाला, स्तनाच्या गाठींच्या वीस नमुन्यांत पॅराबेन सापडलं. त्यामुळेच गाठी झाल्या असं त्यात कुठेही सिद्ध झालं नव्हतं, पण बातमी पसरली ती पसरलीच. डब्यांवर 'पॅराबेन फ्री'चे शिक्के आले. पण ज्यात पाणी आहे त्यात काहीतरी टिकवणारं द्रव्य घालावंच लागतं, नाहीतर महिन्याभरात त्यात जंतू वाढतात. मी अशा न टिकलेल्या नमुन्यांच्या बश्या उघडून पाहिल्या आहेत, हिरवट साय आलेली असते. मग पॅराबेन काढून घातलं काय? बऱ्याच जणांनी मिथाइलआयसोथायझोलिनोन घातलं. नाव लक्षात ठेवायची गरज नाही. 'मिथाइल'ने सुरू होऊन 'थायझोलिनोन'वर संपणारा शब्द दिसला की डबा परत फळीवर.

इथे माझी फजिती सांगते. धाकटा पाच महिन्यांचा असताना त्याच्या ढुंगणावर लालभडक पुरळ. बुरशीचं मलम लावलं, उतरेना. पंधरा दिवसांनी तोंडाभोवतीही तसंच. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी दोन मिनिटं नुसतं पाहिलं आणि विचारलं, "तोंड कशाने पुसता?" ओल्या वाइप्सनी. ढुंगण, तोंड, बोटं, सगळं एकाच पाकिटातून. घरी येऊन पाकीट उलटं केलं तर तेच नाव. आमच्या गोदामात त्याच द्रव्याच्या कॅनवर 'हातमोजे घालूनच हाताळा' असा ठळक इशारा होता, आणि मी तो रोज वाचत होते. अर्थात वाइप्समध्ये ते अत्यंत पातळ केलेलं असतं, पण ॲलर्जीला तेवढंही पुरतं. वाइप्स बंद केले, आठवड्यात गाल स्वच्छ. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या त्वचा-ॲलर्जीच्या डॉक्टरांच्या संस्थेने या द्रव्याला 'वर्षाचा ॲलर्जीकारक' असा किताबच दिला, आणि युरोपने २०१७ पासून अंगावर राहणाऱ्या सगळ्या उत्पादनांत, म्हणजे वाइप्समध्येही, त्याला मनाई केली.

पॅराबेन अगदीच निर्दोष असं मी म्हणत नाही. डेन्मार्कने २०११ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांच्या उत्पादनांत प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेनला बंदी घातली. युरोपीय संघाने २०१४ मध्ये ही दोन्ही फक्त लंगोटाच्या जागी लावायच्या, न धुवायच्या उत्पादनांतून काढली. मिथाइल आणि इथाइल पॅराबेन मर्यादेत चालू ठेवलं. एकाच कुटुंबातली चार भावंडं, दोघांना दाराबाहेर आणि तेही एकाच खोलीच्या. पाकिटाच्या दर्शनी बाजूवरच्या शिक्क्यात एवढं मावत नाही.

तुम्ही वाइप्सची यादी टाकली आहे ती वाचून दाखवते, म्हणजे पुढच्या वेळी स्वतः वाचाल. पाणी, ग्लिसरीन, फिनॉक्सीइथेनॉल, कोरफडीचा अर्क, कॅमोमाइलचा अर्क, सायट्रिक ॲसिड, परफ्यूम. आपल्याकडच्या २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे, त्याखालचे कुठल्याही क्रमाने. फिनॉक्सीइथेनॉल हेही टिकवणारं द्रव्य, ते एक टक्क्याहून जास्त घालता येत नाही. म्हणजे ते जिथे दिसलं तिथे मनात एक रेघ मारा, रेघेखालचं सगळं एक टक्का किंवा त्याहून कमी. पाकिटाच्या पुढच्या बाजूला कोरफडीचं हिरवंगार पान केवढं काढलंय ते पुन्हा एकदा पाहा. फिनॉक्सीइथेनॉलला घाबरू नका. फ्रान्सच्या औषध यंत्रणेने २०१२ मध्ये लंगोटाच्या जागी ते टाळायला सांगितलं होतं, पण युरोपच्या वैज्ञानिक समितीने २०१६ मध्ये सगळं तपासून एक टक्क्यापर्यंत सर्व वयांना सुरक्षित ठरवलं. माझी तक्रार शेवटच्या शब्दाशी आहे. 'परफ्यूम' या एका शब्दाखाली पन्नास पदार्थ असू शकतात. 'अनसेंटेड'लाही फसू नका, कधीकधी मूळचा वास झाकायला दुसरा वास घातलेला असतो. 'फ्रॅग्रन्स फ्री' हवं.

अजून एक फट. ३० ग्रॅमपेक्षा लहान क्रीमच्या आणि ६० मिलीपेक्षा लहान द्रवाच्या पॅकवर घटकांची यादी छापायचं बंधन नाही. बाळंतविड्यात येतात त्या चिमुकल्या बाटल्यांवर म्हणूनच काही लिहिलेलं नसतं. त्या बाटल्या बाहुलीला द्या.

बहिणीचं क्रीम. तुम्ही लिहिलंय त्यात लॅव्हेंडर आणि टी ट्रीचं तेल आहे, शिवाय बदामाचं तेल. सुगंधी तेलं झाडातून आली म्हणून सौम्य होत नाहीत. लिनालूल, लिमोनीन ही नावं युरोपच्या ॲलर्जीकारकांच्या यादीत आहेत आणि ती लॅव्हेंडरमध्ये, संत्र्याच्या सालीत निसर्गतःच असतात. धडधाकट कातडीच्या मुलाला चाललं असतं. तुमच्या मुलीच्या चिरलेल्या गालांना नको. बहिणीला वाईट वाटेल तर तुम्ही स्वतःच्या टाचांना लावा, टाचांना उत्तम.

सासूबाईंचं डाळीचं पीठ हा जरा नाजूक विषय आहे, घरातही आणि शास्त्रातही. मी स्वतः डाळीच्या पिठाने वाढले. पण २००३ मध्ये ब्रिटनमध्ये असं दिसलं की पुरळ असलेल्या ज्या बाळांना शेंगदाणा तेल असलेली मलमं लावली गेली, त्यांच्यात पुढे शेंगदाण्याच्या ॲलर्जीचं प्रमाण जास्त होतं. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेल्या एका साबणाने दोन हजारांवर लोकांना गव्हाचीच ॲलर्जी जडली, पोळी तोंडात घातली की डोळे सुजायचे. तोंडातून पोटात गेलेलं अन्न शरीर ओळखीचं मानतं, फाटलेल्या कातडीतून घुसलेलं अन्न परकं मानतं, असा त्याचा ढोबळ अर्थ. म्हणून चट्टे असेपर्यंत डाळ, साय, गहू, बदाम, काहीही खायचं अंगावर घासू नका. पुढे चट्टे गेल्यावर दिवाळीच्या अभ्यंगाला चिमूटभर उटणं लावा, मी कोण नाही म्हणणार. हळद मात्र सुटी घेऊ नका. बांगलादेशात पिवळेपणासाठी हळदीत लेड क्रोमेट घातल्याचं २०१९ मध्ये उघड झालं होतं, आणि शिसं लहान मुलाला किती चालतं याचं उत्तर अजिबात नाही असंच आहे.

शिशावरून काजळ. सुरमा म्हणजे बहुतेक वेळा शिशाचंच खनिज, तो बाळाच्या डोळ्यापासून लांब ठेवा, कितीही पवित्र ठिकाणाहून आलेला असो. घरी निरांजनावर धरलेलं काजळ वेगळं, त्यात शिसं नाही, पण बोट आणि काजळी मिळून डोळ्याची नळी तुंबवायला पुरेशी आहेत. तीट लावा, गालाला किंवा तळपायाला. दृष्ट तेवढ्यानेही लागत नाही असं माझी आजी सांगायची.

आता जे मला सगळ्यात जास्त छळतं ते. कापूर! सर्दी झाली की खोबरेल तेलात कापूर विरघळवून छातीला चोळणं आपल्याकडे घरोघरी. कापूर कातडीतून आणि श्वासातून आत जातो आणि लहान मुलांना झटके येऊ शकतात. एक ग्रॅमच्या आसपास कापूर पोटात गेल्याने दीड-दोन वर्षांची मुलं दगावल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. छातीच्या बामच्या डबीवर 'दोन वर्षांखालील मुलांना वापरू नये' असं बारीक अक्षरात असतं, ते याचसाठी. तीच गोष्ट डांबरगोळ्यांची. मोठ्या भावाचे जपून ठेवलेले झबले ट्रंकेतून काढून थेट बाळाला घालू नका. जी६पीडी नावाच्या विकराची कमतरता असलेल्या मुलांत त्या वाफेने रक्तपेशी फुटतात आणि कावीळ होते. धुवा, दोन दिवस उन्हात टाका.

पावडर लागत नाही. टाल्क असो, मक्याचा स्टार्च असो की टाळूवर थापायची वेखंडाची पूड, ती फुफ्फुसात जाते. टाल्कचा वाद लोक दोन गोष्टी एकत्र करून सांगतात म्हणून खुलासा: जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंडच्या कारखान्याचा परवाना २०२२ मध्ये आपल्या अन्न व औषध प्रशासनाने रद्द केला तो सामूच्या (पीएचच्या) मुद्द्यावर, ॲस्बेस्टॉस या कर्करोगकारक खनिजाच्या नव्हे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो आदेश रद्दबातल केला. ॲस्बेस्टॉसचे खटले मुख्यतः अमेरिकेतले. पावडरीची खरी भयकथा फ्रान्समधली, १९७२ ची. बेबी टाल्कमध्ये चुकून हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक मोठ्या प्रमाणात मिसळलं गेलं आणि ३६ बाळं गेली. प्रयोगशाळेत रुजू झालेल्या प्रत्येक नव्या मुलाला मी ही गोष्ट सांगत असे. आणि कॅरमची बोरिक पावडर घामोळ्यावर लावायला सांगणारे काका अजून आहेत. बोरिक ॲसिड फुटलेल्या कातडीतून रक्तात जातं, त्यांना नम्रपणे कॅरम खेळायला पाठवा.

तेल कुठलं, हेही विचारलंत. चट्टे असेपर्यंत खायचं तेलही नको; ते गेल्यावर सासूबाईंचं तिळाचं किंवा खोबरेल चालेल, घाण्याचं असो वा बाटलीतलं, फक्त वास घातलेलं नको. मोहरीचं आणि ऑलिव्हचं टाळा, ऑलिव्हमधलं ओलेइक आम्ल कातडीचा बांध सैल करतं हे प्रयोगात दिसलंय. मालीशवाल्या बाईंना अंगठ्या काढायला सांगा.

मग लावायचं काय? साधं पांढरं पेट्रोलियम जेली किंवा वास नसलेलं जाडसर क्रीम, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच, भरपूर. पेट्रोलियम या शब्दाने दचकू नका, शुद्ध केलेलं असेल तर त्याच्याइतकं मुकाट बसणारं दुसरं काही नाही. आंघोळ कोमट पाण्याची, पाच-सात मिनिटं. साबण रोज नको, आणि साबणच असेल तर त्याचा सामू नऊ-दहाच्या घरात असतो, टीएफएम (साबणातल्या स्निग्ध द्रव्याचं प्रमाण) कितीही छापलेला असो. साबणविरहित क्लेन्झर घ्या, तोही फक्त काखा-जांघांपुरता. नवीन वस्तू आणली की आठवडाभर रोज दोनदा हाताच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी लावून पाहा, एका रात्रीत ॲलर्जी दिसत नाही. निरोगी बाळाला मुळात काही लावायची गरजही नसते. ब्रिटनमध्ये नवजात बाळांना वर्षभर रोज क्रीम लावून पाहिलं, त्याने एक्झिमा टळला नाही, २०२० मध्ये निकाल आला. तुमच्या मुलीला आधीच चट्टे आहेत, तिला लागेल.

तुमच्या प्रश्नातली एक ओळ मला खटकली आहे. 'मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली होती, दोन दिवसांत साफ झालं, बंद केल्यावर जास्त आलं.' हे स्टेरॉइडचं लक्षण वाटतं. आपल्याकडे तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेल्या ट्यूब सर्रास हातात पडतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीच्या औषधांत घातली, तरी काउंटरवर चिठ्ठी कोण मागतंय? बाळाच्या गालावर आणि लंगोटाखाली तीव्र स्टेरॉइड आठवडे लावलं तर कातडी पातळ होते, रक्तात जाऊन वाढीवरही परिणाम होतो. डॉक्टरांनी सौम्य स्टेरॉइड मोजून दिलं तर मात्र घाबरून टाळू नका, ते वेगळं. या पोस्टमधला बाकी सगळा पसारा नंतर पाहता येईल, या ट्यूबबद्दल डॉक्टरांना विचारणं मात्र लांबवता येणार नाही. रिकामी झाली असेल तरी फेकू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना पर्समध्ये टाका. आणि इथे तिच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, घटकांची नावं वाचता येतील असा. किती दिवस लावली होती तेही लिहा.