मुलांना मानधनाशिवाय अ‍ॅथलेटिक्स शिकवायचे असेल तर कोणती तयारी लागते?

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला: वय 34, संगणक क्षेत्रातील नोकरी, महाविद्यालयात असताना 400 मीटर धावण्याचा अनुभव, घराजवळच्या मैदानावरील मुलांच्या क्लबाला मानधन न घेता शिकवणारी माणसे हवी आहेत, पण तुमच्याकडे प्रशिक्षणाचे कोणतेही प्रमाणपत्र नाही, तेव्हा पुढे व्हावे की नाही? मी पुण्यात एका बँकेत नोकरी करतो आणि गेली अकरा वर्षे महापालिकेच्या एका मैदानावर आठवड्यातून तीन दिवस सकाळी अशाच एका क्लबात शिकवतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

जरूर जा. मात्र पहिले दोन-तीन महिने आपण कोणाला काही शिकवणार आहोत, ही कल्पना बाजूला ठेवून जा. सकाळी पावणेसहाला मैदान उघडले की लांब उडीच्या खड्ड्यातील वाळू फावड्याने खालवर करावी लागते, कारण रात्रभर दबलेल्या वाळूवर पडलेल्या मुलाचा घोटा सहज मुरगळतो आणि त्या वाळूत काचेचा तुकडा किंवा बाटलीचे झाकणही सापडू शकते. नंतर हजेरी, खुणेसाठी प्लास्टिकचे शंकू (कोन) मांडणे, आणि पहिल्या लेनमधून रमतगमत चालणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांना ‘काका, थोडं बाहेरच्या लेनमधून चालाल का?’ अशी विनंती करणे. हे शेवटचे काम वाटते त्यापेक्षा अवघड आहे. मी अनेकांना सांगून पाहिले आहे की पहिली लेन 400 मीटरची असते आणि आठवी सुमारे 453 मीटरची, त्यामुळे बाहेरून चालल्यास व्यायाम अधिकच होतो. त्यावर एका आजोबांनी मला ‘मग पोरांनाच पळवा की बाहेरून’ असे उत्तर दिले होते आणि मला काही बोलता आले नव्हते. ही कामे करणारा माणूस क्लबाला हवा असतो, कारण ती करायला कोणी नसले की मुख्य प्रशिक्षकाची निम्मी सकाळ त्यातच जाते आणि चाळीस मुले एकाच शिटीवर गोल-गोल धावत राहतात.

तुम्ही 400 मीटर धावत होता, याची मला थोडी काळजी वाटते. गैरसमज करून घेऊ नका. मी स्वतः 800 मीटर धावत होतो आणि पहिले वर्षभर प्रत्येक मुलात मला 800 मीटरचा धावपटू दिसत होता. आपण जे केले तेच आपण शिकवतो. पण 400 मीटरच्या धावपटूचा सराव, म्हणजे दम पूर्ण उखडेपर्यंत धावायचे, अपुरी विश्रांती घ्यायची आणि पुन्हा धावायचे, हा दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या शरीराला शोभणारा सराव नव्हे. वयात येण्यापूर्वी स्नायूंची अशा दम उखडलेल्या अवस्थेत ऊर्जा निर्माण करण्याची क्षमताच कमी असते, त्यामुळे त्यातून मिळते थोडे आणि मुलाला धावण्याचा कंटाळा मात्र भरपूर येतो. या वयात छोट्या वेगवान धावा, साखळी, लंगडी, दोरीवरच्या उड्या, बॅटन घेऊन रिले, हलका चेंडू दूर फेकणे, कमी उंचीचे अडथळे लयीत ओलांडणे, एवढे पुरते. लंगडीचे म्हणाल तर एका पायावरच्या उडीचा आणि तोल सांभाळण्याचा त्याहून स्वस्त सराव मला अजून सापडलेला नाही. तिहेरी उडीतील पहिला टप्पा त्याच पायावर उतरायचा असतो हे ज्या मुलीला समजावून सांगता येत नाही, तिला ‘लंगडी घाल’ म्हटले की लगेच कळते.

येथे मला माझा मुख्य मुद्दा सांगायचा आहे. शुल्क घेऊन शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला, तो कितीही सज्जन असला तरी, पालकांना दर हंगामात काहीतरी दाखवावे लागते. शाळेतील क्रीडाशिक्षकाला शाळेच्या फलकावर नाव झळकवावे लागते. पालकांना दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि पुढे शासकीय नोकरीतील खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण खुणावत असते, आणि ज्या घरात रिक्षाच्या किंवा धुण्याभांड्यांच्या कमाईवर चार माणसे जगतात तेथे ते खुणावणे अगदी योग्य आहे, त्यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. मात्र या सर्वांना यंदाच निकाल हवा असतो. मानधन न घेणाऱ्या प्रशिक्षकाला तो यंदाच मिळाला पाहिजे असे कोणतेही बंधन नसते, आणि त्याच्याकडे देण्यासारखी हीच खरी वस्तू आहे. तेरा वर्षांच्या मुलाला ‘तू अजून तीन वर्षे सगळे प्रकार कर’ असे मैदानावर निर्धास्तपणे सांगू शकणारा बहुधा तोच एकटा असतो. ही मोकळीक वापरायची नसेल, म्हणजे आपल्याही गटातून यंदा किती पदके आली हेच मोजायचे असेल, तर तुमच्या जाण्याने मुलांवरच्या घाईत आणखी एका माणसाची भर पडेल.

पालक विरोध करतात तेव्हा मी अविनाश साबळे याचे उदाहरण देतो. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा हा मुलगा सैन्यात गेल्यावर, विशी ओलांडल्यानंतर, 2015 साली क्रॉस कंट्रीच्या, म्हणजे मोकळ्या रानातून लांब पल्ल्याच्या धावण्याच्या, सरावात उतरला. 3000 मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीकडे, तो 2017 मध्ये वळला, 2018 मध्ये त्याने या प्रकारातील 37 वर्षे जुना राष्ट्रीय विक्रम मोडला आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. लहान वयात काहीच करू नये असा याचा अर्थ मी काढत नाही. बाराव्या वर्षी जिल्ह्यात पहिला न आलेला मुलगा संपलेला नसतो, एवढेच मला त्यातून पालकांना सांगायचे असते.

घाईचे दुष्परिणाम मी ऐकीव सांगत नाही, मी स्वतः ते घडवून आणले आहेत. माझ्या तिसऱ्या वर्षी तेरा वर्षांची एक मुलगी गुडघ्याखाली, नडगीच्या हाडाला जेथे छोटासा उंचवटा असतो तेथे दुखते म्हणत होती. आठ महिन्यांत तिची उंची झपाट्याने वाढली होती. वाढीच्या काळात तेथील हाड अजून कोवळे असते आणि मांडीच्या स्नायूंचा ताण नेमका तेथेच येतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मनपास्तरीय शालेय स्पर्धा पंधरा दिवसांवर आली होती आणि मी तिला ‘थोडं सहन कर’ असे म्हणालो. तिने केले. ती स्पर्धेत चौथी आली आणि त्यानंतर दोन महिने तिला जिना चढतानाही त्रास होत होता. पुढच्या वर्षी ती परत आली, हा तिचा मोठेपणा. तेव्हापासून मी दर तीन महिन्यांनी भिंतीवरच्या खुणेजवळ सर्व मुलांची उंची मोजून वहीत लिहितो आणि ज्याची उंची एकदम वाढलेली दिसते, त्याच्या उड्या व वेगाचा सराव तेवढ्या काळापुरता कमी करतो. मुलींमध्ये हा काळ साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांमध्ये त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी. तुम्ही क्लबात पहिल्या दिवसापासून करू शकाल असे हे एक काम आहे आणि त्याला कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही.

वयोगटांची माहिती मात्र नीट करून घ्या, कारण पालक पहिला प्रश्न तोच विचारतात. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात, तर अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या स्पर्धांमध्ये 14, 16, 18 आणि 20 असे गट असतात. त्यामुळे एकच मुलगा एका ठिकाणी गटातील सर्वांत मोठा आणि दुसरीकडे सर्वांत लहान ठरू शकतो. साहित्याचे वजनही गटाप्रमाणे बदलते. पुरुषांचा भाला 800 ग्रॅमचा असतो, 18 वर्षांखालील मुलांचा 700 ग्रॅमचा आणि त्याच गटातील मुलींचा 500 ग्रॅमचा. गोळा पुरुषांसाठी 7.26 किलोचा, तर 18 वर्षांखालील मुलांसाठी 5 आणि मुलींसाठी 3 किलोचा असतो. क्लबाच्या खोलीत जो गोळा पडलेला असेल तोच सर्वांच्या हाती देण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते, ती मोडायला लावा. याच संदर्भात वयचोरीचा विषय निघेल. जन्मदाखल्यावर दोन वर्षे कमी करून आणलेला मुलगा तुमच्यासमोर उभा राहील आणि त्याचे वडील हात जोडतील. अशा वेळी क्लबाने आधीच नियम ठरवलेला असावा, तो तुमच्या एकट्याच्या विवेकावर सोडलेला नसावा.

फेकीच्या सरावाविषयी थोडक्यात सांगतो: सर्व जण फेकून झाल्याशिवाय कोणीही साहित्य आणायला जायचे नाही, भाला जमिनीतून उपसताना आधी मागे पाहायचे, परत आणताना तो उभा धरायचा, आणि एका फेकीच्या गटाला एक प्रौढ माणूस नेमलेलाच हवा. तेवढी माणसे नसतील त्या दिवशी भाला बाहेर काढायचा नाही. पावसाळ्यात सिंथेटिक ट्रॅक ओला झाला की निसरडा होतो. त्या दिवशी वेगाच्या धावा रद्द करून छपराखाली स्ट्रेचिंग आणि पोटाचे व्यायाम घ्यावेत.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल क्लब स्वतःहून बोलत नसेल तर तुम्ही विचारा. मी पाळतो ते नियम असे आहेत की कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटे थांबायचे नाही, धावण्याची ढब सुधारताना हात लावायचा असल्यास आधी विचारायचे आणि शक्यतो स्वतः करून दाखवायचे, मुलांना खासगी संदेश पाठवायचे नाहीत, जे सांगायचे ते पालक असलेल्या गटात सांगायचे, आणि बाहेरगावच्या स्पर्धेला मुली असतील तर महिला प्रशिक्षक किंवा एखादी आई सोबत असल्याशिवाय निघायचे नाही. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार 18 वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळल्यावर पोलिसांना कळवणे हे कोणाही व्यक्तीचे कर्तव्य आहे, ‘मी तर फुकट शिकवतो’ ही त्यातून सुटका नव्हे. मुलांसाठीचा 1098 हा मदत क्रमांक आमच्या हजेरीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे. हे वाचून तुम्हाला अवघडल्यासारखे वाटेल, पण ज्या क्लबाला हे प्रश्न आवडत नाहीत त्या क्लबात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्चाचे म्हणाल तर तो हळूहळू वाढतो. सुरुवातीला केळी, मग भिजवलेले हरभरे, मग एखाद्याचे फाटलेले बूट. आम्ही एक गोणी ठेवली आहे, तीत लहान झालेली स्पाइक्स (तळाला खिळे असलेले धावण्याचे बूट) टाकायची आणि ज्याला बसतील त्याने घ्यायची. स्वतःच्या खिशातून एकाच मुलाला काही घेऊन देणे टाळा. द्यायचे असेल ते क्लबाच्या नावाने द्या, नाहीतर बाकीच्या एकोणचाळीस जणांना ते त्याच दिवशी कळते.

प्रमाणपत्राची घाई नको, पण एक वर्ष टिकलात तर अवश्य शिका. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, पण नोकरदाराला एवढी रजा जमवणे कठीण जाते, मला ती चौथ्या वर्षी मिळाली. त्याआधी प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घ्या, ते मैदानावर अधिक वेळा उपयोगी पडते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती येणारच. चार-पाच वर्षांनी तुमच्या गटातील एखादी मुलगी तुमच्या आवाक्याबाहेर जाईल. माझ्याकडे दहाव्या वर्षी आलेली एक मुलगी सोळाव्या वर्षी अडथळ्यांच्या शर्यतीत अशी धावू लागली की दोन अडथळ्यांमधल्या तिच्या पावलांचा हिशेब मला जमेना; पुण्यातल्या बालेवाडी क्रीडासंकुलातील एका स्पर्धेनंतर मी तिच्या आईला एका जाणत्या प्रशिक्षकाकडे घेऊन गेलो. घरी येताना मला आनंद झाला नव्हता, उलट चांगलाच राग आला होता आणि तो नेमका कोणावर हे ठरवता येत नव्हते. माझ्या वहीत त्या मुलीच्या उंचीच्या सहा वर्षांच्या नोंदी होत्या, त्या मी नव्या प्रशिक्षकांना देऊन टाकल्या. त्यांनी त्या खरोखर वाचल्या आणि दोन प्रश्न विचारण्यासाठी फोनही केला.

तुम्ही आठवड्यातून तीन दिवस देऊ शकता असे लिहिले आहे. क्लबाला दोनच दिवस सांगा आणि ते दोन दिवस, प्रकल्पाची अंतिम मुदत असो वा घरी पाहुणे असोत, चुकवू नका. पावणेसहाला गेट उघडण्याआधी बाहेर उभी राहिलेली मुले कोणाची तरी वाट पाहत असतात, आणि तिसऱ्या दिवशी सर येतील की नाही हे त्यांना माहीत नसेल तर ती हळूहळू पहिल्या दोन दिवशीही येईनाशी होतात.